नखे कुरतडणे आणि पापाचा हिशेब

मागील अंकातील पत्रात नखे कुरतडणे, केस उपटणे यांसारख्या सवयींची गणना सरसकट पापात करण्यात आली आहे. कॅथलिक नीतिशास्त्राशी हे मत जुळत नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात विचारपूर्वक केलेली कृती आणि माणसाकडून नकळत होणारी हालचाल यांत भेद केला असून, दुसऱ्या प्रकारासाठी त्यांनी दिलेले उदाहरण भलत्याच विचारात गढून दाढी खाजवणाऱ्या माणसाचे आहे. नखे कुरतडणाऱ्याला याहून जवळचा दाखला शोधूनही सापडायचा नाही. गंभीर पापासाठी विषयाचे गांभीर्य, पूर्ण जाणीव आणि हेतुपुरस्सर संमती या तिन्ही गोष्टी लागतात (पत्रलेखकाने तिसरीचा उल्लेखच टाळला आहे), आणि १९९२ च्या ‘कॅटेकिझम’नुसार, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणुकीच्या ग्रंथानुसार, सवय, भीती व मानसिक कारणे यांमुळे कृतीची जबाबदारी कमी होते, प्रसंगी उरतही नाही. उलट, नसलेले पाप पाहण्याच्या व्याधीने १५२२ मध्ये मान्रेसा येथे संत इग्नेशियस लोयोला यांना आत्महत्येच्या विचारापर्यंत नेले होते. अशा सवयीने त्रस्त व्यक्तीला पापनिवेदनासाठी पिटाळण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे.