खाडी दारात, प्रयोग मात्र वहीत

करावे (नवी मुंबई), खास प्रतिनिधी

करावे गाव मागे टाकून पाम बीच मार्ग ओलांडला की खाडीच्या बाजूला तिवरांची दाटी सुरू होते. भरती ओसरल्यावर चिखलातून पेन्सिलींसारखी उभी राहिलेली त्यांची मुळे दिसू लागतात. वनस्पतीशास्त्रात त्यांना श्वसनमुळे म्हणतात. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसल्याने ती जमिनीबाहेर येऊन हवा घेतात. शालेय अभ्यासक्रमात मुळांच्या रूपांतराचे उदाहरण म्हणून ही माहिती येते, विद्यार्थी ती पाठ करतात, आकृती काढतात आणि गुणही मिळवतात. आकृतीतली वस्तू घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, हे मात्र अनेकांना कधी कुणी दाखवलेले नसते.

गेल्या काही वर्षांत हा परिसर बातम्यांत राहिला तो पाणथळ जागांच्या वादामुळे. २०२४ मध्ये सीवूड्स भागातील डीपीएस तलाव परिसरात फ्लेमिंगो मृत्युमुखी पडले. पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने मंजुरी दिली. ठाणे खाडीच्या एका भागाला २०१५ मध्येच फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला होता. कांदळवनांच्या तोडीवर तर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच बंदी घातली. न्यायालय, सिडको, पर्यावरणप्रेमी आणि रहिवासी अशा सर्वांनी या जागेबद्दल आपापली भूमिका मांडली आहे. शाळांनी ती मांडल्याचे फारसे ऐकिवात नाही. वस्तुतः वनस्पतींचे शरीर कसे चालते हे शिकवण्यासाठी इतकी सोयीची जागा महानगरातील फार थोड्या शाळांच्या वाट्याला आली आहे.

उदाहरण परासरणाचे घेता येईल. सोललेल्या बटाट्यात खळगा करून त्यात साखरेचे दाट द्रावण भरायचे, पातळीच्या जागी टाचणी खोचायची आणि बटाटा पाण्यात ठेवायचा. तासाभरात द्रावणाची पातळी टाचणीच्या वर जाते. पातळ द्रावणातील पाणी पेशीपटलांतून दाट द्रावणाकडे गेले, एवढा निष्कर्ष वहीत लिहिला की हा प्रयोग संपतो. याच बटाट्याची एक फोड मिठाच्या दाट पाण्यात ठेवली तर ती लुळी पडते, कारण तिच्यातील पाणी बाहेर ओढले जाते. मग खाडीच्या खाऱ्या पाण्यात तिवर लुळा का पडत नाही? हा प्रश्न करावे-सीवूड्सच्या विद्यार्थ्याला पडला पाहिजे, आणि त्याचे उत्तरही त्याच्या जवळच आहे. तिवराची मुळे बहुतांश मीठ बाहेरच अडवतात. जे आत शिरते ते पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकले जाते. कोरड्या दिवशी पानावर मिठाचे बारीक कण उघड्या डोळ्यांनी दिसतात. भिंगाखाली तर ते अधिकच स्पष्ट होतात.

मिठाची ही गोष्ट या गावाला परकी नाही. सिडकोने नवी मुंबईसाठी ठाणे-बेलापूर-उरण पट्ट्यातील गावांच्या जमिनी घेण्यापूर्वी येथील आगरी-कोळी समाजाचे जीवन मासेमारी, मिठागरे आणि खारजमिनीतील भात यांवर चालत असे. बांध फुटून भरतीचे पाणी शेतात शिरले की पीक का जाते, हे त्या पिढीला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सहन करणारे ‘पनवेल’ मालिकेतील भातवाण विकसित केले, ते याच समस्येवर. शाळेला यातून एक साधा प्रयोग मिळतो. चार बशा, कापूस, प्रत्येकीत पंचवीस मूग किंवा भाताचे दाणे. एका बशीत साधे पाणी आणि उरलेल्या तिघींत लिटरमागे तीन, सहा आणि बारा ग्रॅम मीठ घातलेले पाणी. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम असते. रोज किती दाणे रुजले ते मोजायचे आणि आठवड्याअखेर आलेख काढायचा. मीठ वाढेल तसे रुजणे लांबते आणि घटते. पण दोन गटांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा खरे विज्ञान सुरू होते. मोजताना चूक झाली, कापूस वाळला, की दाणेच जुने होते? या प्रश्नांची उत्तरे गाइडमध्ये नसतात. खर्च म्हणावा तर किराणा दुकानातला.

गुणांचे गणित

असे प्रयोग होत नाहीत याला साहित्याचा तुटवडा हे कारण नेहमी दिले जाते. ते पूर्ण खरे नाही. खरे कारण परीक्षेच्या रचनेत आहे. राज्य मंडळाच्या दहावीत विज्ञानाच्या शंभर गुणांपैकी ऐंशी लेखी आणि वीस प्रात्यक्षिकाचे. बारावीच्या जीवशास्त्रात सत्तर आणि तीस. कागदावर ही वाटणी वाईट नाही. प्रत्यक्षात प्रात्यक्षिकाचे गुण सढळ हाताने दिले जातात, हे शिक्षक, पालक आणि विद्यार्थी सर्वच जाणतात. जो गुण सर्वांनाच मिळणार, त्यासाठी कोणी घाम गाळत नाही. मग जर्नल मित्राच्या जर्नलवरून उतरते आणि ‘निरीक्षण’ प्रयोगाआधीच लिहून तयार असते. सीबीएसईच्या दहावीत तर प्रयोगांशी थेट जोडलेले गुण शंभरात जेमतेम पाच आहेत.

बारावीनंतरची स्थिती याहून बोलकी आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’मध्ये ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, आणि सर्व प्रश्न पर्याय निवडण्याचे. साहजिकच कनिष्ठ महाविद्यालयात नाव आणि दिवसभर क्लासमध्ये मुक्काम, ही ‘इंटिग्रेटेड’ पद्धत रुळली. तिला आळा घालण्यासाठी राज्य सरकारने २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. तथापि यंत्रावर अंगठा उमटला म्हणून सूक्ष्मदर्शकाला डोळा लागतोच असे नाही. त्यातच एनसीईआरटीने अभ्यासक्रमाचा भार कमी करताना अकरावीच्या जीवशास्त्रातून ‘वनस्पतींतील परिवहन’ आणि ‘खनिज पोषण’ ही प्रकरणे वगळली आणि २०२४ पासून ‘नीट’च्या अभ्यासक्रमातूनही ती गेली. तिवराचे कोडे ज्या प्रकरणाने सुटते नेमके तेच गेले. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात वनस्पती आणि पाणी यांच्या संबंधावरचे प्रकरण आहे. मात्र ‘नीट’ला नाही म्हटल्यावर ते किती जण मनापासून वाचतील, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

खाडीपलीकडचा अनुभव

विशेष म्हणजे प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा विचार जेथे सातत्याने झाला, ते होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र खाडीच्या पलीकडच्या तीरावर, मानखुर्दला आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राने सुरुवातीच्या काळातच जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शिक्षकांबरोबर कमी खर्चाच्या प्रयोगांवर काम केले. प्राथमिक वर्गांसाठीचे ‘हलकं-फुलकं विज्ञान’ याच केंद्राचे. २००८ ची आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिम्पियाड मुंबईत झाली. तिच्यात प्रात्यक्षिक हा परीक्षेचा मोठा भाग असतो. केंद्राच्या ‘क्यूब’ उपक्रमात तर पिकल्या केळ्यावर येणाऱ्या फळमाश्यांपासून जीवशास्त्राचे संशोधन सुरू करता येते.

तरीही मोठ्या प्रमाणावर बदल घडवायचा तर काय करावे लागते, याचा धडा मध्य प्रदेशातून मिळतो. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुले प्रयोग करूनच शिकत. तेथे परीक्षाही बदलण्यात आली होती: लेखी परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा, आणि प्रात्यक्षिकात मुलाने स्वतः प्रयोग करून दाखवायचा. २००२ मध्ये तेथील सरकारने कार्यक्रम गुंडाळला, पण तो तीस वर्षे टिकला त्यात या परीक्षेचा वाटा मोठा होता. मुंबईतील विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धाही १९८१ पासून प्रात्यक्षिक घेते. तिच्याही तयारीचे क्लास निघाले हा भाग वेगळा. निदान त्या क्लासमध्ये मुलांच्या हाती परीक्षानळी येते.

अडचणी आहेत, हे नाकारता येणार नाही. कांदळवन हे संरक्षित वन असल्याने वर्गाला घेऊन थेट चिखलात उतरणे आणि पाने तोडणे कायद्याने शक्य नाही आणि भरतीच्या वेळा पाहता सुरक्षितही नाही. वनविभागाची परवानगी, सोबत जाणकार व्यक्ती आणि ओहोटीचे वेळापत्रक या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे जैवविविधता केंद्र आहे. शाळांच्या सहली तेथे जातात, बोटीतून फ्लेमिंगो पाहतात आणि परततात. त्या भेटीला मोजणीचा एखादा तक्ता जोडला, एका चौरस मीटरमध्ये किती श्वसनमुळे आहेत एवढे जरी नोंदवले, तरी सहलीचे प्रात्यक्षिक होईल. तिवराचा हंगाम पावसाळ्यातला, म्हणजे शाळा सुरू झाल्यानंतरचा. गळून पडलेली फळे परवानगीने आणली तर बाटलीत रुजताना वर्गात पाहता येतात.

२०२० मध्ये राज्याने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. ‘राज्याचा कांदळवन वृक्ष कोणता’ हा सामान्यज्ञानाचा एका गुणाचा प्रश्न झाला. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने अभ्यासक्रम बदलत आहे. वरच्या इयत्तांची पुस्तके येतील तेव्हा दहावीच्या प्रात्यक्षिकाचे वीस गुण कसे द्यायचे, अनोळखी पान हाती देऊन निरीक्षण लिहायला सांगायचे की शिक्का मारलेले जर्नल तपासायचे, हे शिक्षण मंडळाला ठरवावे लागेल. करावे-सीवूड्सच्या शाळा खाडीकडे वळतील की नाही, हे पुस्तकापेक्षा त्या निर्णयावर अधिक अवलंबून आहे.