'प्यून' म्हणजे कोण?

प्रवेशाच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी नुसते 'नोकरी' असे लिहिले होते. बाबा सिव्हिल लाइन्समधील एका कचेरीत प्यून आहेत, हे लिहायला हात धजला नाही. पुढे ग्रंथालयात या शब्दाचे मूळ शोधले, आणि माझीच मला लाज वाटली.

'प्यून' हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच. तो पोर्तुगीजांकडून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'पाय' आहे. अर्थ, पायदळातला सैनिक. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशातही त्याची नोंद आहे. बुद्धिबळातले 'पॉन' याच कुळातले. आपले 'प्यादे' फारसीतून आले, पण त्याचेही मूळ पायच. 'शिपाई' हाही फारसीतला सैनिकच. या सैनिकाच्या हाती साहेबाने फाइल आणि चहाचा ट्रे दिला, तेव्हा दोन्ही शब्द लहान झाले.

सहाव्या वेतन आयोगाच्या २००८ मधील अहवालानंतर केंद्र सरकारने 'मल्टी टास्किंग स्टाफ' असे नवे नाव काढले. टेबलावरची घंटी मात्र तशीच वाजते. माझ्या मते दोष शब्दाचा नाही, तो उच्चारणाऱ्या जिभेचा आहे. आपणही कॉलेजात शिपायांना 'मामा' म्हणतो. पण त्यांचे आडनाव किती जणांना ठाऊक आहे?

'प्याद्याचाच वजीर होतो,' असे म्हणून मित्र मला धीर देतात. पण बाबांना मान मिळावा म्हणून मला वजीर व्हावे लागणार असेल, तर तो मान त्यांचा कसा? यंदाच्या अर्जात मी स्वच्छ अक्षरात 'शिपाई' असे लिहिले आहे.