लहान कळफलक कोणता घ्यावा?

संगणकाचा कळफलक विकत घेण्यासारख्या विषयावर या सदरांत लिहावें काय, अशी शंका एखाद्या वाचकास येईल. परंतु ज्या घरांतून पूर्वीं साधा टांक घेतांनाहि तो दहा वेळां कागदावर ओढून पाहण्याची रीत होती, त्याच घरांतून आज दिवसाचे चार चार तास ज्या साधनावर बोटें चालतात तें साधन मात्र दुकानदार पुढें करील तसें उचललें जातें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. शिवाय सातारा व सांगली येथील एकाच कुळांतील दोन घरांनीं या बाबतींत आमचा सल्ला विचारला असून, त्यांनीं हातीं घेतलेल्या कार्यास विलंब सोसणारा नाहीं.

साताऱ्यास आमचे एक जुने सहाध्यायी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करीत आहेत. घराण्यांतील सर्वांत वडील अशा आत्याबाई आज ब्याण्णव वर्षांच्या आहेत. कोणती मुलगी कोणत्या घरीं दिली, कोणाचें माहेरचें नांव काय, दत्तक कोण गेला, ही सारी माहिती आतां केवळ त्यांच्याच मुखीं उरली आहे. आमचे मित्र त्यांच्यापाशीं बसून टिपून घेतात आणि त्यांच्या सांगलीच्या पुतण्याची कन्या तें सर्व संगणकावर चढविते. सुट्टी लागली कीं मुलगी कागद घेऊन साताऱ्यास येते. एरवीं हेच सांगलीस जातात. संगणक दोन्ही घरीं आहेत. कळफलक मात्र एकच असावा, बोटांस त्याचीच संवय व्हावी, आणि तो एस. टी. च्या प्रवासांत पिशवींत मावावा, अशी त्यांची अपेक्षा आहे.

या कामांत मध्येंच एक विघ्न उत्पन्न झालें. मुलगी हुशार आहे, पण तिच्या पिढीच्या रीतीप्रमाणें ती मराठी शब्द रोमन अक्षरांत ठोकते आणि संगणक त्यावरून तर्कानें देवनागरी उमटवितो. ल आणि ळ या दोहोंस रोमन अक्षर एकच, न आणि ण यांसहि एकच. तेव्हां यंत्राचा तर्क चुकला आणि तो नजरेंतून सुटला, कीं नांव बदललें. सिद्ध झालेलीं पहिलीं वीस पानें आत्याबाईंस वाचून दाखविलीं, तेव्हां त्या म्हणाल्या, "अगो, हा बालकृष्ण कोण? आमच्या घरांत बाळकृष्ण होऊन गेला." पणजोबांचें नांवच बदललें तर कुलवृत्तांत कशासाठीं छापावयाचा? म्हणून आमची पहिली सूचना अशी कीं, कळफलक कोणताहि घ्या, परंतु त्यावर मराठी ही मराठी अक्षरांनींच लिहावी. आणि कळफलकाची निवड या एका गोष्टीवरून करावी.

त्यासाठीं इनस्क्रिप्ट नांवाची मांडणी शिकली पाहिजे. ही मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं ठरविली, १९९१ सालीं तिला भारतीय मानकांत स्थान मिळालें, आणि आज ती बहुतेक प्रत्येक संगणकांत विनामूल्य असते. संस्कृत व्याकरण शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस ती पाहून आनंदच होईल. स्वर आणि त्यांच्या मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनें उजव्या हाताकडे. उजव्या हाताखालीं मधल्या ओळींत प, क, त, च, ट हे पांच वर्गांचे पहिले वर्ण (मध्यें एक र येतो). त्यांच्या बरोबर डोक्यावर ब, ग, द, ज, ड हे तिसरे वर्ण. आणि शिफ्टची कळ दाबली कीं त्याच जागीं फ, ख, थ, छ, ठ आणि भ, घ, ध, झ, ढ हे महाप्राण. अनुनासिकें तेवढीं विखुरलीं आहेत, तें असो. डाव्या मधल्या बोटाखालीं हलंताचें चिन्ह आहे आणि तीच कळ शिफ्टसह दाबली असतां अ उमटतो. ज्याचा लोप करावयाचा तो अ आणि त्याचा लोप दाखविणारें चिन्ह यांस एकाच कळेवर बसविणारा माणूस आमच्या मतें व्याकरण जाणणारा असला पाहिजे. ळ म्हणजे शिफ्टसह ल. बाळकृष्णाचा बालकृष्ण करण्याची यंत्रास येथें संधीच नाहीं.

जुन्या टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांस ही मांडणी प्रारंभीं उलटी वाटते. त्या यंत्रावर अक्षराचा आकार जसा दिसतो तसा तो जोडावा लागे. 'कि' लिहावयाचें तर आधीं ऱ्हस्व वेलांटी आणि मागाहून क. येथें उच्चाराचा क्रम तोच लेखनाचा क्रम, म्हणून आधीं क आणि नंतर वेलांटी. त्या यंत्रास साधारणपणें ४६ कळा, प्रत्येकीवर दोन चिन्हें, म्हणजे सारीं मिळून ९२. आणि देवनागरीच्या छपाईस तर कित्येक शें खिळे लागत. मग यंत्र वाढविण्यापेक्षां लिपीच आंखूड करावी असें पुष्कळ थोर पुरुषांस वाटलें. सावरकरांनीं अ ची बाराखडी पुरस्कारिली. ज्यांचा जन्म १८८५ सालीं साताऱ्यासच झाला ते काका कालेलकर याच खटाटोपांत पुढारी होते आणि १९४८ सालीं हिंदी लघुलेखन व टंकलेखन यांच्या विचारासाठीं नेमलेल्या समितीचे अध्यक्षहि तेच होते. त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु कळांची संख्या तेवढीच राहूनहि लिपीस कात्री लावावी लागली नाहीं, हें आज आपण पाहतों. जोडाक्षर घडविण्याचें काम आतां यंत्राच्या पोटांत होतें. बोटांनीं केवळ वर्ण द्यावयाचे.

आतां आकाराकडे वळूं. पूर्ण कळफलकास १०४ कळा असतात आणि त्याची रुंदी सुमारें ४३ सेंटिमीटर भरते. आपल्याकडील कचेऱ्यांतून वर्षानुवर्षें खडखडणारा टीव्हीएस गोल्ड हा याच जातीचा. काम चोख, पण पिशवींत घालण्याची वस्तु नव्हे. त्याची उजवीकडील आंकड्यांची चौकट काढली कीं ८७ कळा उरतात. त्याहून आटोपशीर ते ७५ टक्के, ६५ टक्के आणि ६० टक्के या नांवांनीं विकले जातात. त्यांत अनुक्रमें सुमारें ८२ ते ८४, ६७ किंवा ६८, आणि ६१ कळा असतात. लहान म्हणजे बारीक कळांचा, असा समज करून घेऊं नये. दोन कळांच्या मध्यांतील अंतर सर्वत्र एकोणीस मिलिमीटरच असतें. अक्षरांच्या भोंवतालचा पसारा तेवढा कमी केलेला असतो.

६१ कळांचा कळफलक सुमारें २९ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर अगदीं वरच्या डाव्या कोपऱ्यांतील अक्षराची कळ एस्केप या कळेनें बळकावलेली असते. इंग्रजींत हिशेब लिहिणाऱ्यांस याचा त्रास होतो. मराठीस होत नाहीं, कारण त्या कळेवर मराठीस नित्य लागणारें एकहि अक्षर नाहीं. उरल्या अक्षरांच्या कळा मोजल्या तर त्या ४६ भरतात, म्हणजे जुन्या टंकलेखन यंत्राइतक्याच. हा योगायोग आम्हांस मौजेचा वाटला. म्हणजे केवळ नवें लेखन करणाऱ्यास ६१ कळा पुरतात. याहून लहान, आंकड्यांची ओळच नसलेला असा कळफलक मात्र मराठी घरानें घेऊं नये. ऋ, त्याची मात्रा, विसर्ग आणि इंग्रजी शब्दांस लागणारी चंद्रकोर हीं सर्व त्याच ओळींत आहेत. ज्या कुलवृत्तांताच्या प्रत्येक शाखेस 'ऋग्वेदी' असें लिहावें लागतें आणि ज्यांत दर चौथा पुरुष कोणी ना कोणी कृष्ण आहे, त्यास तो काय कामाचा?

परंतु आमच्या मित्रांचें काम नव्या लेखनापेक्षां शुद्धीकरणाचें अधिक आहे, आणि तेथें ६१ कळा तोकड्या पडतात. बाणांच्या चार कळा त्यांवर नसतात. दुसरी एक कळ दाबून धरून अक्षरांच्याच कळांतून बाण काढावे लागतात. पानामागून पान तपासतांना ही कसरत म्हाताऱ्या बोटांस असह्य होते. तसेंच खोडण्याच्या दोन कळांचें. 'स्त्री' हा शब्द संगणकाच्या लेखीं सहा चिन्हांचा आहे: स, हलंत, त, हलंत, र आणि दीर्घ वेलांटी. मागें खोडणारी कळ शेवटची वेलांटी तेवढी काढते. पुढें खोडणारी डिलीट ही कळ बहुतेक ठिकाणीं अख्खें जोडाक्षर एका झटक्यांत काढते. मराठी शोधकास या दोन्ही सुट्या आणि सहज हातीं लागणाऱ्या हव्यात. म्हणून आमचा कौल ६५ टक्क्यांच्या, ६७ किंवा ६८ कळांच्या कळफलकास आहे. रुंदीस तो दोन सेंटिमीटरच वाढतो, आणि तेवढ्यांत बाण व डिलीट हीं दोन्ही मिळतात. ७५ टक्क्यांचाहि वाईट नाहीं. पण त्यावरची वरची अधिक ओळ कुलवृत्तांताच्या कामीं क्वचित् येते.

एका प्रकाराविषयीं मात्र सावध राहावें. ६१ कळांच्याच जागेंत बाण कोंबून ६४ कळा केलेले कळफलक बाजारांत येतात आणि दिसण्यांत मोठे चतुर वाटतात. बाणास जागा करण्यासाठीं त्यांत उजवीकडील शिफ्ट कापून एका साध्या अक्षराएवढी केलेली असते. इंग्रजी लिहिणाऱ्याचें त्यानें फारसें अडत नाहीं. मराठींत महाप्राण उजव्या हातीं असल्यामुळें त्यांस डावी शिफ्ट लागते. पण अ, आ, इ, ए, उ हे शब्दारंभींचे स्वर डाव्या हातीं असल्यामुळें त्यांस उजवी शिफ्ट लागते, आणि मराठींत 'आणि', 'आहे', 'असा', 'एक' यांवांचून वाक्य पुढें सरकत नाहीं. प्रत्येक वेळीं करंगळी चुकून बाणावर जाते आणि लिहिणारा भलत्याच ओळींत जाऊन पडतो. ही अडचण दुकानदार सांगणार नाहीं, कारण तो मराठी अशी लिहून पाहतच नाहीं.

राहिला कळेच्या आंतील यंत्राचा प्रश्न. यांत्रिक कळफलकांत प्रत्येक कळेखालीं स्वतंत्र स्प्रिंग असते. कळ सुमारें चार मिलिमीटर खालीं जाते, पण अक्षर अर्ध्या वाटेवर, दोन मिलिमीटरच्या सुमारासच उमटतें. म्हणून ती तळापर्यंत आपटण्याचें कारण नाहीं. टंकलेखन यंत्रावर वाढलेले आमचे मित्र ती तळापर्यंत आपटतात, आणि कळा दाबतां दाबतां त्यांच्या मनगटांत कळा येऊं लागल्या आहेत. जर्मनीच्या चेरी कंपनीनें रूढ केलेल्या रंगांवरून यांच्या जाती ओळखतात: तांबडी मुकाट्यानें खालीं जाते व तिला सुमारें ४५ ग्रॅम दाब पुरतो, निळी टिक् असा स्पष्ट आवाज करते व तिला ६० ग्रॅमच्या आसपास दाब लागतो, तपकिरी आवाज करीत नाहीं, पण अक्षर उमटण्याच्या सुमारास बोटास बारीकसा उंचवटा जाणवतो. मित्रांस निळी आवडली, जुन्या यंत्राची आठवण झाली म्हणून. सांगलीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत रात्रीं दहानंतर ती वाजूं लागली तर शेजारीहि कुलवृत्तांत ऐकतील. एकट्या म्हाताऱ्यासाठीं आम्ही तांबडी सुचविली असती. एकाच फलकावर नवशिकी मुलगीहि बसणार म्हणून तपकिरी घ्यावी. जेथें कळेखालचें यंत्र हातानें उपटून बदलतां येतें असा कळफलक मिळाल्यास थोडे रुपये अधिक द्यावे. एक कळ बिघडली तर सारा फलक टाकावा लागत नाहीं.

अशा लहान कळफलकांवर देवनागरी अक्षरें कोरलेलीं क्वचितच मिळतात. चिकटपट्ट्या लावूं नयेत. घामानें त्या सुटतात आणि मुलें खालीं पाहण्यास शिकतात. मांडणीचा तक्ता कागदावर काढून समोर टांगावा. इंग्रजी एफ आणि जे या कळांवर चांचपण्यासाठीं जे उंचवटे असतात, तेथें मराठींत ऱ्हस्व वेलांटी आणि र येतात. बोटें तेथें ठेवून निघावें. आमच्या पाहण्यांतील दोन मुलांस रोज अर्धा तास बसून तीन आठवड्यांत मांडणी पाठ झाली. दुकानांत गेल्यावर संगणकांत मराठी चालूं करवून 'ऋग्वेदी', 'निःस्पृह', 'दुसऱ्या' आणि 'आईआजी' हे चार शब्द स्वतः लिहून पाहावे. 'दुसऱ्या' मधील रफार नव्हे, तर तो आडवा र, शिफ्टसह र, मग हलंत, मग य, असा लिहितात. पहिल्या दोन शब्दांनीं आंकड्यांच्या ओळीची आणि शेवटच्यानें उजव्या शिफ्टची परीक्षा होते.

तार कळफलकापासून सुटी होणारी पाहावी. कायम जोडलेली तार पिशवींत दुमडून दुमडून मुळाशीं तुटते. सुट्या तारा दोन घेऊन एक साताऱ्यास व एक सांगलीस संगणकालाच लावून ठेवावी, म्हणजे जातां येतां जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेला कळफलक तेवढा न्यावा लागेल.