बोचऱ्या धारेचा दोष कुणाच्या माथी?

वस्तरा घरी पाजळणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक समज पक्का रुजला आहे. कृत्रिम दगडावर धार तीक्ष्ण येते, पण ती चेहऱ्याला बोचते; मऊ धार हवी तर शेवटचा हात नैसर्गिक दगडावरच फिरला पाहिजे, असे सांगितले जाते. मग बेल्जियमचे कोटिक्यूल, क्योटोच्या डोंगरांतले दगड, थुरिंगियाचे जुने एशर अशी नावे येतात. या दगडांची थोरवी मला पूर्ण मान्य आहे. त्या थोरवीच्या आधाराने बारीक कृत्रिम दगडावर जो ठपका ठेवला जातो, तो मात्र तपासून पाहिला की टिकत नाही. धार बोचते त्याचे कारण बहुधा आधीच्या दगडावर अर्धवट सोडलेल्या कामात असते. आपल्याकडे सलूनमधून घडीव वस्तरा गेला आणि अर्धे ब्लेड घालायचा आला, त्यामुळे हे काम कुणाच्या हाताकडे बघून शिकण्याची सोय राहिली नाही. नवशिका ऐकीव मतांवर चालतो आणि चुकीच्या जागी पैसे घालतो. म्हणून हा वाद नीट निपटायला हवा.

वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. धारेचा कोन त्यामुळे पाठीच्या जाडीवर आणि पात्याच्या रुंदीवर ठरतो, साधारण 15 ते 17 अंश. हाताने तो सांभाळावा लागत नाही. दगड सपाट हवा आणि दोन्ही बाजूंचे उतार टोकापासून टाचेपर्यंत एका रेषेत मिळायला हवेत, एवढी मुख्य अट. हे काम 1000 ग्रिटच्या दगडावर होते; ग्रिट म्हणजे कणाच्या बारीकपणाचा क्रमांक. त्या दगडाचा कण ढोबळमानाने 14-15 मायक्रॉनचा. त्याने पाडलेली चरी जिथे धारेला पोचते तिथे धार दातेरी होते. पुढचे दगड त्या चऱ्या टप्प्याटप्प्याने उतरवण्यासाठी असतात. शेवटचा दगड इतका कमी पोलाद काढतो की खोल चरीच्या तळाशी तो पोचतच नाही. तो वरवरचे उंचवटे घासतो, उतार आरशासारखा चमकू लागतो आणि माणूस काम झाले असे समजतो. पाते भिंगाखाली धरून उजेडात हळूहळू फिरवावे. चकाकत्या पट्ट्यातून तीन-चार तिरप्या रेघा थेट धारेपर्यंत गेलेल्या दिसल्या, तर गालाला टोचतात ते दाते तिथे आहेत. दर दगडावर घासण्याची दिशा थोडी बदलली तर कुठल्या दगडाच्या रेघा उरल्या आहेत हेही कळते. अशा पात्याला नैसर्गिक दगड दाखवला तरी ते दाते जाणार नाहीत.

नैसर्गिक दगडाच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा कोटिक्यूलचा आहे. त्यातले गार्नेटचे कण सुमारे 5 ते 15 मायक्रॉनचे, म्हणजे कृत्रिम शेवटच्या दगडाच्या कणांपेक्षा कितीतरी मोठे. तरी त्यावरची धार सुखद लागते. बारा पैलूंचा, गोलसर गार्नेट पोलादात उथळ खरवडतो, हे त्याचे कारण. हे निरीक्षण खरे आहे आणि कणाच्या आकारमानाइतकाच त्याचा घाटही महत्त्वाचा, हे त्यातून सिद्ध होते. पण कृत्रिम दगडाची धार बोचरीच असणार, हे त्यातून निघत नाही. कृत्रिम दगडातला अॅल्युमिनाचा कण कोनेदार आणि कठीण असला, तरी अर्ध्या किंवा एका मायक्रॉनचा कण स्वतःपेक्षा खोल चरी पाडू शकत नाही. गार्नेट घाटामुळे जे साधतो, ते अॅल्युमिना बारीकपणामुळे साधतो. कारखान्यातल्या दाढीच्या ब्लेडलाही कृत्रिम अपघर्षकांवरच धार लावतात, आणि त्या धारेची जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. त्या ब्लेडवर घर्षण कमी करणारा पीटीएफईचा लेप असतो, म्हणून सुखदपणाची तुलना तिथे पुरी होत नाही. बारीकपणाची मात्र होते.

कृत्रिम दगडांच्या काही समर्थकांचा दावाही मला मान्य नाही. आकडा जितका मोठा तितकी धार चांगली, असे ते मानतात. जपानी मानक जेआयएस आर 6001 मध्ये बारीक कणांची मोजदाद 8000 क्रमांकाशी थांबते. त्यापुढचे आकडे ज्या त्या उत्पादकाचे. 8000 पर्यंत तरी एकवाक्यता कुठे आहे? अमेरिकी नॉर्टनचा 8000 चा दगड 3 मायक्रॉनचा, जपानी शॅप्टनचा 8000 चा 1.84 मायक्रॉनचा. शॅप्टनचाच 30000 चा दगड 0.49 मायक्रॉनचा. डब्यावरचे आकडे शेजारी ठेवून दोन कंपन्यांचे दगड तोलणे म्हणूनच व्यर्थ आहे.

आणखी एक आक्षेप अनुभवी माणसे घेतात: सगळे टप्पे नीट केले तरी फार बारीक दगडावरची धार कधी कधी झोंबते. झोंबते, हे खरे. धार अतिशय पातळ झाल्यावरही घासत राहिले, त्यातही दाब देऊन, तर तिच्या टोकाशी पोलादाची तकलादू कड तयार होते. ती चामड्याच्या पट्ट्यावर किंवा पहिल्याच दाढीत तुटते आणि मागे खडबडीत रेघ राहते. उपाय दाबात आहे. शेवटच्या दगडावर पात्याचे स्वतःचे वजन पुरते. दगडावरचे पाणी धारेपुढे एकसारखे सरकून पात्यावर चढू लागले की उतार सगळीकडे टेकतो आहे हे दिसते. तिथून पुढे मोजके हलके हात द्यावेत आणि पट्ट्याकडे वळावे. नैसर्गिक दगड हळू कापतो, म्हणून ही चूक तिथे उशिरा घडते. नवशिक्याला त्याचा फायदा होतो, एवढे श्रेय मी त्या दगडाला आनंदाने देतो.

उलट नैसर्गिक दगड एकाच खाणीतला असला तरी दर तुकडा वेगळा निघतो. थुरिंगियाच्या खाणी बंद आहेत, क्योटोच्याही बहुतेक बंद पडल्या. जुने तुकडे नावावर विकले जातात आणि कठीण शिरेची परीक्षा घरी आणल्यावर होते. कृत्रिम दगडाचा कण मात्र प्रतवारी करून घातलेला असतो, त्यामुळे आज बिघडलेली धार उद्या त्याच दगडावर त्याच पद्धतीने तपासता येते आणि चूक नेमकी कुठे झाली ते शोधता येते. शिकणाऱ्याला हाच आधार हवा असतो. तो आणखी पक्का करायचा तर प्रत्येक उत्पादकाने डब्यावर ग्रिटच्या आकड्याशेजारी कणाचे सरासरी माप मायक्रॉनमध्ये छापावे. शॅप्टन ते देते. इतरांनाही ते अवघड नाही, आणि गिऱ्हाइकांनी ते मागितलेच पाहिजे.