सर्व काही समाविष्ट, बेट वगळून

‘सर्व काही समाविष्ट’ हे तीन शब्द मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या कानाला जितके गोड लागतात, तितके गोड शब्द फार थोडे असतील. राहणे, सकाळचा नाश्ता, दोन वेळचे जेवण, मधल्या वेळचे खाणे, सरबते, ज्यांना चालत असेल त्यांना मद्य, मुलांचे खेळ, संध्याकाळचे गाणेबजावणे, सगळ्याचे पैसे घरून निघण्यापूर्वी एकदाच भरायचे आणि मग सहा दिवस खिशाला हात लावायचा नाही. मनगटावर एक रंगीत पट्टी बांधतात, ती दाखवली की झाले. मॉरिशस, मालदीव अशा बेटांवरच्या या सहलींना आपल्या ओळखीपाळखीतले कोणी ना कोणी हल्ली जाऊन आलेले असते. दोन वर्षांपूर्वी मुलगा आणि सून आम्हा उभयतांना मॉरिशसला घेऊन गेले आणि ती पट्टी माझ्याही मनगटावर आली.

उभी हयात बँकेत काढलेल्या माणसाला ‘फुकट’ या शब्दाचा संशय येतो. हवे तितके खा, हवे तितके प्या, हे यांना परवडते कसे? उत्तर आपल्याकडच्या अमर्याद थाळीत आहे. पहिल्या दिवशी चार वाट्या श्रीखंड संपवणाऱ्या गिऱ्हाइकाला तिसऱ्या दिवशी साधा वरणभात आठवतो, हे खाणावळीच्या मालकाला पक्के ठाऊक असते. एक माणूस किती खाईल हे सांगता येत नाही. पाचशे माणसे मिळून किती खातील ते बरोबर सांगता येते. विम्याचा सगळा धंदा याच हिशेबावर उभा आहे.

ही कल्पना तशी जुनी. जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने १९५० साली स्पेनच्या मायोर्का बेटावर समुद्रकाठी तंबू ठोकले आणि ‘क्लब मेडिटेरेनियन’ सुरू केला. महायुद्धातून बाहेर पडलेल्या युरोपला विसावा हवा होता. तिथे पुढे पैशांऐवजी मण्यांची माळ आली. पेय हवे असेल तर गळ्यातले मणी काढून द्यायचे! पाकीट दृष्टीआड झाले की माणूस सुखावतो, हे त्या मंडळींनी ओळखले होते. पुढे जमैकात या कल्पनेला भिंत मिळाली. सत्तरच्या दशकात तिथे राजकीय हिंसाचार माजला होता आणि पाहुणे बिचकत होते. १९७८ मध्ये ‘कपल्स’ आणि १९८१ मध्ये ‘सँडल्स’ ही केवळ जोडप्यांसाठीची सर्वसमावेशक हॉटेले तिथे निघाली. आतच सगळे मिळाले, तर फाटकाबाहेर पडण्याचे कारणच उरत नाही. हे ‘कारण न उरणे’ वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण माझ्या सांगण्याचा सारा रोख त्यावर आहे.

पण आधी या सहलीच्या बाजूने बोलतो. आमच्या पिढीच्या सहली आठवून पाहा. महाबळेश्वरला जायचे तर सामानात स्टोव्ह, दोन पातेली, मेतकूट आणि तिखटामिठाच्या पुऱ्यांचा डबा. पुरुषांना सुट्टी मिळे. बायकांचे स्वयंपाकघर फक्त गाव बदलून येई. मॉरिशसच्या हॉटेलात तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना माझी पत्नी म्हणाली, ‘‘अहो, उद्या काय करायचं, हे तीन दिवसांत एकदाही माझ्या मनात आलेलं नाही.’’ चाळीस वर्षांच्या संसारात ही सवड मी तिला देऊ शकलो नव्हतो; ती एका रंगीत पट्टीने दिली. त्यामुळे या सहलींना चंगळ म्हणून नाके मुरडणाऱ्यांत मी बसणार नाही. सतत हिशेब करीत जगलेल्या माणसांना आठवडाभर हिशेब विसरावासा वाटला, तर त्यात गैर काही नाही.

मात्र जमाखर्चाला दुसरी बाजू असते, आणि ती वाचण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही.

मॉरिशस हा जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरचा, बारा-साडेबारा लाख वस्तीचा देश. २०१९ साली तिथे १३ लाख ८० हजारांच्या आसपास पर्यटक आले. म्हणजे यजमानांपेक्षा पाहुणे अधिक. तिथला कायदा मोठा मजेदार आहे. फ्रेंच अमदानीपासून किनाऱ्यालगत ‘पा जेओमेत्रिक’ नावाचा पट्टा राखलेला आहे. भरतीच्या रेषेपासून आत ८१ मीटर २१ सेंटीमीटर. ही सारी मालमत्ता सरकारची. बहुतेक किनारी हॉटेले त्यावर भाडेपट्ट्याने उभी आहेत. भरतीच्या रेषेखालची वाळू तर सर्वांची. म्हणजे ज्या वाळूवर आपली आरामखुर्ची मांडलेली असते, तिथून कोणाही मॉरिशसवासीयाला चालत जाता येते. पण कागदावरचा हक्क आणि पायाखालची वाट यांत अंतर पडते. एकापुढे एक हॉटेले उभी राहिली की वाळूपर्यंत पोचायचे कुठून? म्हणून तिथे ‘अरेत कोकें नू लाप्लाज’ ही चळवळ उभी राहिली. क्रेओल भाषेतल्या या शब्दांचा अर्थ, ‘आमचे किनारे चोरणे थांबवा’. दक्षिणेकडच्या पोंपोनेत येथील सार्वजनिक किनारा हॉटेलला देण्याविरुद्ध या लोकांनी वाळूत उभे राहून भांडण केले.

आमच्या टेबलावर वाढणारा एक तरुण आम्ही मराठीत बोलतो आहोत हे ऐकून थबकला. त्याचे पूर्वज आपल्या कोकणातले. १८३४ पासून पुढे जवळपास नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर उसाच्या मळ्यांवर कराराने तिथे गेले. त्यांतले मराठी मुंबई बंदरातून जहाजात चढले. मुलाला मराठी बोलता येईना, पण गणपतीची आरती सबंध पाठ होती. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, हे त्याने अभिमानाने सांगितले. रविवारी काय करतोस, असे विचारल्यावर तो म्हणाला, सुट्टी मिळाली तर घरच्यांबरोबर समुद्रावर जातो. कुठल्या? त्याने हॉटेलच्या कुंपणापलीकडे बोट दाखवले.

त्या रविवारी दुपारी आम्ही पलीकडे गेलो. सुरूच्या झाडांखाली शेकडो कुटुंबे सतरंज्या पसरून बसली होती. बिर्याणीची पातेली, आजीसाठी खुर्ची, ढोलके, पाण्यात ओरडणारी पोरे. सारे घरून आणलेले. त्यांचेही सर्व काही समाविष्टच होते. फक्त कष्ट वजा केलेले नव्हते. आमच्या बाजूची वाळू दोनशे पावलांवर होती आणि तिच्यावर आरामखुर्च्या रिकाम्या पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही साधी बस पकडून पोर्ट लुईला गेलो. तिथल्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गिरमिटिये मजूर ज्या सोळा पायऱ्या चढून त्या देशात शिरले, त्या तिथे आजही आहेत. बाहेर रस्त्यावर धॉल पुरी खाल्ली. आपल्या पुरणपोळीची ही बिनगुळाची बहीण. चार माणसांचे पैसे देताना पाकीट उघडावे लागले आणि विकणाऱ्या बाईशी खुणांनी का होईना, दोन शब्द बोलावे लागले. ते पैसे थेट तिच्या घरी गेले. आम्ही मुंबईत भरलेल्या रकमेचा प्रवास मात्र लांबचा. त्यातून विमान कंपनी, सहल कंपनी आणि हॉटेलचे मालक आपापला वाटा घेतात. परदेशातून मागवलेल्या खाद्यपदार्थांचे पैसे बेटाबाहेर जातात. अर्थशास्त्रात याला ‘गळती’ म्हणतात.

न्यायाने बोलायचे तर पगार आणि कर बेटावरच राहतात, आणि ती रक्कम लहान नसते. करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये देशाची दारे बंद झाली, ती पूर्णपणे उघडली १ ऑक्टोबर २०२१ ला. त्या दीड वर्षात हॉटेलांवर किती चुली अवलंबून आहेत, ते सर्वांना कळले. पाहुणे नकोत, असे तिथे शहाणा माणूस म्हणत नाही.

पण त्याच काळातली आणखी एक गोष्ट सांगतो. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळच्या प्रवाळावर आदळले. ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात सांडले. तेव्हा हजारो स्त्रीपुरुष किनाऱ्यावर धावले. उसाचे पाचट कापडी पिशव्यांत कोंबून त्यांनी लांबच लांब तरंगते बांध शिवले आणि तेल अडवले. ज्या उसासाठी त्यांचे पूर्वज आणले गेले, त्याच उसाचे पाचट! त्या वेळी तिथे पाहुणे नव्हतेच. असते, तरी आमच्या पट्टीच्या करारात हे काम बसत नव्हते. समुद्र ज्याचा असतो, तोच हात काळे करतो.

म्हणून वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. आयुष्यभर राबलेल्या आईला, सासूला, पत्नीला घेऊन अशा सहलीला अवश्य जा. पण सहा दिवसांतले दोन दिवस ‘समाविष्ट’ नसलेले ठेवा. त्या दिवशी जेवण बाहेर घ्या, बसने हिंडा, रविवारच्या गर्दीत सतरंजी पसरा. हॉटेलातले जेवण वाया जाते म्हणून जीव हळहळेल, हळहळू द्या. मुलांनाही कळू द्या, की पट्टीवाल्या वाळूच्या शेजारी तितकीच निळी, बिनपट्टीची वाळू आहे.

हा विचार आपल्या घरच्या किनाऱ्यासाठीही हवा. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तिथे आजही कित्येक घरांतून राहण्या-जेवणाची सोय होते. माशाची आमटी वाढणारी बाईच त्या घराची मालकीण असते. मोठी हॉटेले येतील, यावीतही. मात्र पहिला नकाशा पुढे येईल तेव्हा गावकऱ्यांनी खोल्या आणि नोकऱ्या किती, एवढेच विचारून थांबू नये. रविवारी आम्ही समुद्रावर कुठल्या वाटेने जायचे, हेही विचारावे, आणि ती वाट नकाशात आखून घ्यावी.