ग्राफिक्स कार्डाचा पंखा आणि घरांतील झोंप

गेल्या एप्रिल महिन्यांत आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. ते अक्कलकोट रस्त्यावरील एका कारखान्यांत रात्रपाळीस यंत्रमाग चालवितात. अभ्यासाविषयीं कांहीं बोलणें असेल असें आम्हांस वाटलें, परंतु ते म्हणाले, "सर, रात्रभर मागांचा खडखडाट सोसतों, त्याची संवय झाली आहे. पण सकाळीं घरीं येऊन अंग टाकावें, तों पोराच्या संगणकाची घरघर सुरू होते. पोरगा म्हणतो, नवा कूलर बसविला कीं आवाज जाईल. त्यासाठीं पैसे मागतो. द्यावे काय?"

कूलर हा शब्द ऐकतांच आमच्या डोळ्यांपुढें खिडकींत बसविलेली, गवताच्या पडद्यांतून पाणी ठिबकणारी पत्र्याची पेटी उभी राहिली. मुलाच्या मनांतील कूलर निराळा होता. संगणकाच्या पडद्यावरील चित्रें तयार करणारा जो भाग, त्यास ग्राफिक्स कार्ड म्हणतात; तें थंड ठेवणारा पंखा व त्याखालील धातूच्या पत्र्यांचा संच त्यास हवा होता. सुट्टींत तो खेळ खेळे, व खेळतांना कानांवर हेडफोन घाली. म्हणजे ज्याच्या यंत्राचा आवाज, त्यास तो ऐकूं येत नव्हता. ऐकावा लागे तो एकाच खोलींत निजणाऱ्या बापास व विड्या वळीत बसलेल्या आईस. यंत्र विकत घेतांना त्याच्या किंमतींत हा आवाजहि धरला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां आवाज येतो कोठून? कार्ड जितकी वीज घेतें, तितकी जवळजवळ सर्व उष्णता होऊन बाहेर पडते. 200 वॅट वीज घेणारें कार्ड म्हणजे पेटींत ठेवलेली 200 वॅटची शेगडीच होय. ही उष्णता तांब्याच्या नळ्यांवाटे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत पसरते. नळ्यांत किंचित् द्रव असतें. तापल्या टोंकास त्याची वाफ होते, गार टोंकास ती पुन्हां द्रव होऊन परतते. पत्र्यांचा पसारा जितका मोठा, तितकें पंख्याचें काम थोडें. आणि पंख्याची गति निम्मी केली तर वारा निम्माच होतो, पण आवाज सुमारें 15 डेसिबलनें उतरतो. लहान पंखा पळविण्यापेक्षां मोठा पंखा रेंगाळत ठेवणें बरें, तें ह्यामुळेंच.

मोठ्या कंपन्यांसहि हें ठेंच लागूनच कळलें. 2003 सालीं एनव्हिडिया कंपनीच्या एफएक्स 5800 अल्ट्रा ह्या कार्डाचा पंखा इतका गर्जे कीं, लोकांनीं त्यास धूळ ओढणाऱ्या यंत्राची उपमा दिली. शेवटीं कंपनीनेंच आपल्या थट्टेची चित्रफीत काढली! उलट, 2021 सालीं असूस व नॉक्टुआ ह्या कंपन्यांनीं मिळून काढलेल्या कार्डांत 120 मिलिमीटरचे दोन तपकिरी पंखे होते, व तें कार्ड चार खांचांहून अधिक जागा अडवी. दिसावयास बोजड, पण शांत. रंगीत दिव्यांकडे पाहून कार्ड निवडणाऱ्या मुलांनीं हें लक्षांत ठेवावें.

पंखा मुळींच नसलेलीं कार्डेंहि मिळतात. लहान कार्डास तें चालतें. परंतु सोलापुरांत मोठ्या कार्डास तो प्रयोग आम्ही सुचविणार नाहीं. येथें एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या छपराखालील खोलीची गोष्ट तर बोलावयासच नको. 25 अंशांच्या खोलींत जें कार्ड 70 अंशांवर राहतें, तें 40 अंशांच्या खोलींत, पंखा तितकाच फिरला तर, 85 च्या घरांत जाणार. म्हणून थंड देशांतील लोकांनीं लिहिलेल्या शिफारशी जशाच्या तशा घेऊं नयेत. शिवाय कार्डावरचे उघडे पंखे ऊन वारा पेटींतच सोडतात. कॅबिनेटाच्या मागें तो बाहेर काढणारा एक मोठा पंखा नसेल, तर उत्तम कूलरहि तोच तापलेला वारा पुन्हां पुन्हां फिरवीत बसतो.

मूळचा कूलर काढून दुसरा बसविण्याविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नाहीं. एकाची भोंकें दुसऱ्यास जुळतीलच असें नाहीं, आणि कार्ड उघडल्यानें हमी जाण्याचा संभव असतो. मोठा कूलर हवा, तर तो कार्ड घेतांनाच पाहून घ्यावा. ज्याचें कार्ड जुनें होऊन हमी संपली आहे, त्यानें कार्डावरचे लहान पंखे काढून तेथें 120 मिलिमीटरचे दोन पंखे बसविले तर थोड्या पैशांत काम होतें. त्याहीपूर्वीं खेळांतील चित्रांची गति सेकंदास 60 वर बांधून पाहावी. त्यास कांहीं खर्च नाहीं. वीज कमी लागते, उष्णता कमी होते, व पंखा आपोआप मंदावतो.

त्या पालकांस आम्हीं तूर्त पैसे देऊं नका म्हणून सांगितलें, व मुलास म्हटलें कीं संगणक बंद करून, वीज काढून, आधीं पेटी उघड. पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेव, म्हणजे हवेच्या झोतानें तीं वेडींवांकडीं फिरणार नाहींत, आणि कोरड्या ब्रशानें पत्र्यांतील फटी साफ कर. पुढच्या सोमवारीं त्यानें कागदाच्या पुडींत बांधून, कार्डांतून निघालेलें तें आम्हांस आणून दाखविलें. आम्हांस वाटलें होतें, धूळ असेल. तो सुताच्या तंतूंचा दाट थर होता, जाड कापडासारखा हातांत धरतां येई असा. आणि एका बाजूनें तो निळा, तर दुसऱ्या बाजूनें तांबडा होता. भिंतीपलीकडच्या मागांवर आधीं निळे टॉवेल निघत, नंतर तांबडे सुरू झाले, असें त्यानें आम्हांस समजावून सांगितलें. बाबा त्या दिवशीं दुपारीं दोनपर्यंत झोंपले होते, हें त्यानें जातां जातां दारांतून सांगितलें.