फॉरवर्ड करण्याआधी पुस्तक मागा

"फोनमध्ये सगळं आहे, मग लायब्ररी कशाला?" मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून हा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो. मित्रांनो, फोनमध्ये भरपूर आहे, पण त्यातलं आपल्यासमोर आधी काय येणार हे आपण ठरवत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल, असं जाहीर केलं. अशा मर्यादेने अफवेचा वेग कमी होईल. तपासण्याची सवय मात्र कुठलंही ॲप लावून देत नाही.

एक उदाहरण घ्या. मुसलमानांविषयी बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने एखादं वाक्य ग्रुपवर येतं. एक जण भडकतो, दुसरा "फेक आहे" म्हणून मोकळा होतो. उघडून कोणीच बघत नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचं इंग्रजी लेखन खंडांमध्ये छापलं आहे. त्यातल्या आठव्या खंडात पाकिस्तानवरचं पुस्तक आहे. त्याचा एक भाग मुस्लिम बाजू मांडतो, दुसरा हिंदू बाजू. मधूनच उचललेलं वाक्य कुठल्या संदर्भातलं, हे मागची-पुढची पानं वाचल्याशिवाय कळत नाही. आपल्याला बोचणारी वाक्यंही त्यात आहेत. तीही वाचा. उत्तर द्यायचं तर पूर्ण वाचून द्या.

हदीस स्वीकारताना रावींची साखळी तपासणारी परंपरा आपली. मग फॉरवर्डला सूट का?

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. कर्नाटक, तमिळनाडूत ग्रंथालयांसाठी कर आहे, आपल्या कायद्यात नाही. इथली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं स्थानिक संस्था चालवतात आणि सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसतात. निवडणूक आली की आपण गटार मागतो, रस्ता मागतो. ते मागायलाच हवं. पण मोहल्ल्यात मराठी आणि उर्दू पुस्तकांचं, मुलींनाही निवांत बसता येईल असं वाचनालय किती जण मागतात?

या आठवड्यात जवळच्या ग्रंथालयाचे सभासद व्हा. आठवा खंड मागा. नसेल तर मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. वाचनालयच नसेल, तर तोच अर्ज नगरसेवकाच्या किंवा सरपंचाच्या हातात द्या.